पापडी, चवळी, फरसबी: घरचं बी पुढच्या वर्षासाठी कसं राखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात मांजलपूरला घराच्या कुंपणावर पापडीचे तीन वेल आहेत, अगाशीत कुंड्यांमध्ये चवळी आणि फरसबी. मागच्या हंगामात शेवटी उरलेल्या शेंगा वाळवून बी स्टीलच्या डब्यात ठेवलं, वर कडुलिंबाचा पाला घातला. जूनमध्ये डबा उघडला तर अर्ध्याअधिक दाण्यांना भोकं आणि तळाशी भुसा. जे धड दिसलं ते पेरलं, त्यातलं निम्मंच उगवलं. शिवाय मूळ वेल पांढऱ्या फुलांचे आणि कोवळ्या हिरव्या शेंगांचे असताना नव्या वेलांपैकी एकाला जांभळी फुलं आणि रुंद, चिवट शेंगा आल्या. चुकलं कुठे आणि यंदा काय करायचं?

कीड, ओल आणि मिसळ असे तीन वेगळे बिघाड यात एकत्र आले आहेत. चर्चा नेहमी डब्याची, पाल्याची आणि गोळ्यांची होते. पण कीड आणि मिसळ ही दोन्ही बी डब्यात जाण्याआधी, वेलावरच होऊन गेलेली असतात. म्हणून सुरुवात वेलापासून करू.

हंगाम संपताना उरलेल्या शेंगांचं बी धरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. लवकर लागलेली, कोवळी, भरदार शेंग आधी खुडली जाते. जी चिवट म्हणून कोणी तोडली नाही, पानाआड राहिली किंवा थकलेल्या वेलाला उशिरा लागली, ती बियाला राहते. चांगलं ते ताटात आणि नको ते बियाला, असं चार-पाच वर्षं चाललं की घरची पापडी उशिरा येणारी आणि दोऱ्याची होते, आणि मग ‘आता पूर्वीसारखी पापडी राहिली नाही’ असं आपणच म्हणतो. त्या शेवटच्या शेंगांवर मावा, भुरी आणि दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अंडी हे सगळं एव्हाना जमलेलं असतं, ते वेगळंच.

बियाचा वेल आणि बियाच्या शेंगा फुलोऱ्यातच ठरवा. पापडी-वालाच्या पारंपरिक वेलांना दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, आपल्याकडे बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच. पहिल्या तोडणीच्या वेळी प्रत्येक वेलाची एक शेंग मोडून पाहा. दोरा किती निघतो, शेंग चट्‌कन मोडते की वाकते, एका तुऱ्याला किती शेंगा धरल्या आहेत, फुलाचा रंग मूळचाच आहे ना, एवढं पाहिलं की पुरे. सगळ्यात मोठी शेंग शोधत बसू नका, एकच मोठी शेंग देणारा वेल कामाचा नसतो. चांगल्या वेलावर मध्यावरच्या तुऱ्यांतल्या शेंगा राखा. वेलाच्या टोकाच्या, उशिराच्या शेंगांत दाणे बारीक राहतात.

राखलेल्या तुऱ्याला रंगीत चिंधी किंवा लोकरीचा धागा सैल बांधा. नाडाछडीचा, म्हणजे पूजेतला लाल धागा जवळ असतो म्हणून लोक तोच बांधतात, पण उन्हात त्याचा रंग उडतो आणि दोन महिन्यांनी तो वाळक्या देठांत ओळखू येत नाही. चिंधीचा अर्थ घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी उंधियूसाठी कुंपण ओरबाडलं जातं, त्यात राखलेल्या शेंगा हमखास जातात.

लागतं किती? पापडीच्या शेंगेत चार-पाच दाणे. कुंपणाला सहा-आठ वेल पुरतात, एका जागी दोन दाणे टोकले तरी सोळा. उगवण न होणारे, राखीव ठेवायचे आणि शेजारी द्यायचे धरून साठ-सत्तर दाणे झाले, म्हणजे वीस शेंगा. चवळीच्या एका शेंगेत दहा-पंधरा दाणे असतात, तिच्या दहा शेंगा पुष्कळ झाल्या. फरसबीची झुडपं लहान, म्हणून तिची पाच-सहा चांगली झाडं पूर्ण राखा आणि त्यांची एकही शेंग भाजीला काढू नका. कारण सोपं आहे: हिरव्या शेंगा तोडत राहिलं की झाड नवी फुलं काढत राहतं आणि राखलेल्या शेंगांतले दाणे भरायचे मागे पडतात. एकाच वेलाचं बी वर्षानुवर्षं धरलं तर या पिकांत जोम कमी होत नाही, कारण ती बहुतांशी स्वपरागीच, म्हणजे आपल्याच फुलाच्या परागाने शेंग धरणारी आहेत. पण एकच वेल राखला आणि त्याला नेमकं काही दुखणं निघालं तर सगळंच जातं. तीन वेल असतील आणि तिन्ही निरोगी असतील तर तिन्हींचं थोडं थोडं घ्या.

निरोगी म्हणजे काय, ते पाहून ठेवा. फरसबी आणि चवळीच्या पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे असतील, पान आक्रसलेलं किंवा फुगवटे आलेलं असेल तर तो मोझॅक विषाणू. तो बियातून पुढच्या पिढीत जातो, तशा झाडाचं बी अजिबात धरू नका. वालाचा पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीमुळे पसरतो, तो बियातून येतो असं नाही, पण पिवळा पडलेला वेल दाणेही धड भरत नाही. फरसबीच्या शेंगेवर खोलगट, काळपट-तपकिरी, कडेला लालसर डाग असतील तर करपा. त्याच्या खालच्या दाण्यावरही डाग असतो, आणि तो दाणा पेरला की रोपाच्या पहिल्या जाड पानांवरच करपा दिसतो. पिकलेल्या शेंगेतून सुरकुतलेले, एका बाजूला बसकट दाणे निघाले तर ते शेंगेतला रस शोषणाऱ्या ढेकण्यांचं काम. ते टाकून द्या.

आता जांभळ्या फुलांचं कोडं. वाल स्वपरागी असला तरी त्याच्या फुलांवर मोठा काळा भुंगा आणि मधमाश्या सतत येतात, आणि थोडा परपराग होतोच. शेजारच्या गल्लीत कोणाकडे जांभळ्या फुलांचा वाल असेल तर शंभरात काही दाणे त्याच्या परागाने धरतात. गंमत अशी की ज्या फुलात हे झालं त्याची शेंग आणि दाण्याची साल आईवेलाचीच असते, म्हणून शेंग किंवा बी पाहून काहीच कळत नाही. फरक दिसतो पुढच्या वर्षी, त्या दाण्याच्या वेलावर. जांभळा रंग पांढऱ्यावर प्रभावी असल्यामुळे तो वेल सरळ जांभळा फुलतो. म्हणून पांढऱ्या फुलांची पापडी राखणाऱ्याचं काम सोपं आहे: मिसळ झालेला वेल आपणहून ओळख देतो. पुष्कळदा रोपाच्या खोडावर आणि पेरांवर आधीच जांभळी झाक असते, तेव्हाच उपटलेलं बरं. उलट, जांभळ्या फुलांचा वाल राखणाऱ्याला पांढऱ्याची मिसळ पहिल्या वर्षी कळतच नाही, दुसऱ्या पिढीत पांढरी फुलं फुटतात तेव्हा समजतं.

तुमच्या त्या वेलाच्या शेंगा खायला हरकत नाही, बी मात्र धरू नका. धरलंत तर पुढच्या पिढीत चारातला सुमारे एक वेल पांढरा आणि तीन जांभळे निघतील, आणि शेंगांचा आकार, चिवटपणा, दोरा या सगळ्याची खिचडी होईल. निवडून निवडून त्यातून नवा चांगला वाण काढता येतो, पण ते चार-सहा वर्षांचं काम आहे आणि त्याला कुंपण पुरत नाही.

अंतर राखणं शहरात हातात नसतं. त्याऐवजी तुऱ्यावर पिशवी घाला. लग्नात भेटवस्तू देतात ती जाळीदार पोटली चालते, फक्त भुंगा आत शिरणार नाही इतकी बारीक जाळी हवी. तुऱ्याचं एकही फूल उघडायच्या आधी ती चढवायची, आधीच उघडलेली फुलं असतील तर ती खुडायची. पिशवीतल्या फुलांना शेंगा थोड्या कमी धरतात, कारण भुंग्याच्या बसण्याने परागण नीट होतं, ती मदत इथे मिळत नाही. दुपारी पिशवीवरूनच तुरा हलकेच हलवला तर फरक पडतो. शेंगा बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की पिशवी काढा आणि चिंधी बांधा. पाच-सहा तुऱ्यांना एवढं केलं की कुंपणापुरतं शुद्ध बी मिळतं.

फरसबीला हा खटाटोप नको. तिचे पराग फूल उमलण्याआधीच पडून गेलेले असतात, दोन वाणांत दोन-तीन मीटर सोडले तरी चालतं. गवारीचंही तसंच. चवळीत मिसळ थोडी जास्त, पण घरगुती कामाला तीही विश्वासाची. तुरीच्या बाबतीत मात्र हे काही लागू नाही. हिरव्या दाण्यांसाठी परसात लावलेल्या तुरीत मधमाश्या पाचातला एखादा दाणा सहज बाहेरच्या परागाने धरवतात, म्हणून तिला पिशवी घाला नाहीतर मिसळ मान्य करा.

हायब्रीड पाकिटाचं बी धरून उपयोग नाही, असं सरसकट सांगितलं जातं. वालवर्गी पिकांत हाताने संकर करून बी विकणं परवडत नाही, त्यामुळे बाजारातली बहुतेक पाकिटं सरळ वाणांचीच असतात. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असं लिहिलं नसेल तर बी खुशाल धरा. कायद्याची धास्तीही नको: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखायला, पुन्हा पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मुभा देतो. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढंच. किराणा दुकानातले वाल मात्र पेरू नका. ते बहुधा कडव्या वालाचे असतात, जुने असू शकतात, आणि ते कोवळ्या पापडीसाठी नव्हे, उसळीसाठीच बरे.

आता कीड. ज्याला इथे भोटवा म्हणतात तो भुंगेरा डब्यात बाहेरून आलेला नसतो. पिवळसर पडू लागलेली शेंग भिंगाखाली धरा. पाठीवर मिठाच्या कणाएवढा, चकचकीत, चिकटवल्यासारखा थेंब दिसेल, ते अंडं. अळी अंड्याच्या तळातूनच थेट शेंगेत आणि पुढे दाण्यात शिरते, बाहेर फिरत नाही. म्हणून फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि डब्यात ठेवलेला पालाही नाही. मागे उरलेल्या अंड्याच्या टरफलात तिने कुरतडलेला भुसा भरतो आणि ठिपका पांढराफटक होतो. पांढरा ठिपका दिसला की अळी आत आहे असं समजा. ती दाणा आतून पोखरते आणि बाहेर पडण्याआधी सालीखाली एक गोल, काळपट, अर्धपारदर्शक खिडकी तयार करते. दाणा उजेडात फिरवला की ती दिसते. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण चार आठवडे लागतात, आणि एक मादी साठ ते शंभर अंडी घालते. फेब्रुवारीत डब्यात दोन-चार दाणे किडके गेले तर जूनपर्यंत तीन-चार पिढ्या होतात. तुमचा अर्धा डबा असाच गेला.

म्हणून पहिला उपाय म्हणजे शेंग वेलावर गरजेपेक्षा एक दिवसही जास्त न ठेवणं. फूल धरल्यापासून पापडीची शेंग पक्व व्हायला सहा-सात आठवडे लागतात. शेंग पिवळी पडून कातडीसारखी चिवट झाली, दाण्याला नख लागेनासं झालं की आतलं काम पुरं झालेलं असतं. यानंतर ती फक्त वाळत असते, आणि ते वाळणं सावलीतही होतं. काही जण अख्खा वेल मार्चपर्यंत वाळू देतात. त्यात एक तर भुंगेरा वाढतो, दुसरं, वाळलेली शेंग दुपारी तडकून दाणे उडतात. पिकत जातील तशा दर तीन-चार दिवसांनी शेंगा काढा. सकाळी दंव असताना काढल्या तर फुटत नाहीत.

डिसेंबर ते मार्चमध्ये मावठ्याचा, म्हणजे अवकाळी पावसाचा अंदाज आला तर पिवळ्या झालेल्या सगळ्या शेंगा, कोरड्या असोत वा नसोत, देठासकट काढून घरात उलट्या टांगा. पक्व झालेली पण ओली शेंग घरात नीट वाळते. वाळलेली शेंग पावसात भिजली तर दाण्याला काळे डाग पडतात, बुरशी येते, कधी दाणा शेंगेतच मोड काढतो.

शेंगा सावलीत, वारा लागेल अशा जागी चार-पाच दिवस वाळू द्या, मग सोला. अगाशीच्या फरशीवर पसरू नका. मार्चच्या दुपारी बडोद्यात फरशी ५० अंशांच्या वर जाते आणि बियाला ३५-४० च्या वर तापवायचं नसतं. सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन चटईवर किंवा सुपात चालेल. थोड्या शेंगा हातानेच सोला. जास्त असतील तर कापडी पिशवीत भरून हलके दाबा, लाटणं फिरवू नका. लाटण्याच्या दाबाने कोरड्या फरसबीच्या दाण्याला वरून काही दिसत नाही, पण आत दोन डाळिंब्यांना आडवी चीर जाते. असं बी उगवतं, रोप वर येतं, पण शेंड्याचा कोंब तुटलेला असतो आणि दोन जाड पानांपुढे काहीच येत नाही. फरसबीत हे फार होतं, पापडीचा दाणा त्या मानाने सोसतो.

सोललेले दाणे आणखी पाच-सात दिवस सावलीत. मग पारख. एक दाणा दगडावर ठेवून हातोडीने मारा: कोरडा असेल तर फुटून तुकडे उडतात, ओला असेल तर चेपतो. दुसरी पारख मिठाची. तव्यावर गरम करून थंड केलेलं मीठ कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग घ्या, वर तेवढंच बी, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर बियात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. मात्र मीठ चिकटलं नाही म्हणजे काम झालं असं नाही. साध्या डब्यासाठी सुमारे ९ टक्के आणि हवाबंद बरणीसाठी ७-८ टक्के ओल असावी लागते. १२-१३ टक्क्यांचं बी हवाबंद केलं तर ते उघड्या बियापेक्षा लवकर मरतं.

फेब्रुवारी-मार्चची आपली कोरडी हवा निम्मं काम फुकट करून देते. शेवटचे दोन टक्के काढायला सिलिका जेल वापरा. बियाच्या वजनाएवढं, कापडी पुरचुंडीत, त्याच बरणीत सात दिवस. नसेल तर तांदूळ कढईत मंद आंचेवर अर्धा-पाऊण तास परतून, हवाबंद डब्यातच थंड करून, बियाच्या दुप्पट वजनाचा घ्या. फरसबी ७ टक्क्यांच्या खाली वाळवू नका. फार कोरडं बी पेरताना पाणी इतकं झपाट्याने ओढतं की डाळिंब्या तडकतात.

वाळल्यावर निवड. भोकाचे, खिडकीचे, पांढऱ्या ठिपक्याचे, सुरकुतलेले, फुटके, रंग उतरलेले दाणे बाजूला करा. निवडलेलं बी बरणीत घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, आठवडाभर ठेवा. अंडी, अळ्या, कोश सगळं मरतं. अट एकच, बी आधी पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या दाण्यात पाणी गोठून अंकुरच मरतो. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, रात्रभर तशीच राहू द्या, नाहीतर थंड दाण्यावर हवेतली वाफ बसते आणि वाळवण्याची मेहनत वाया जाते.

फ्रीजरमध्ये जागा नसेल तर आपल्याकडे तुरीला आणि गव्हाला देतात तसं दिवेल, म्हणजे एरंडेल. किलोला ५ मिली, एक चहाचा चमचा. शंभर ग्रॅम बियाला आठ-दहा थेंब. तळहातावर चोळून प्रत्येक दाण्याला नुसती झिलई येऊ द्या. तेलाने अंड्याला हवा मिळत नाही आणि ते मरतं. दाण्यात आधीच शिरलेल्या अळीवर मात्र त्याचा भरवसा नाही, म्हणून वाळवून निवडल्यावर लगेच दिवेल द्यायला हवं, महिन्याने देऊन उपयोग नाही. जास्त तेल घातलं तर बी पाणी शोषत नाही. गोवरीची किंवा लाकडाची राख चाळून, बियाइतकीच मापाने मिसळली तरी भुंगेऱ्याला हालचाल करता येत नाही. वर बोटभर राखेचा थर द्या. कडुलिंबाचा पाला वाळलेला असेल तर अपाय नाही, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर बी सोडू नका. हिरवा पाला तर डब्यात ओल घेऊन जातो. पाऱ्याच्या गोळ्या आणि धान्याच्या कोठारात ठेवतात त्या विषारी वायूच्या गोळ्या घरात आणूच नका. पन्नास दाण्यांसाठी माणसाच्या जिवावर बेतेल अशी ती वस्तू आहे.

बरणी काचेची, रबरी वायसरची, शक्यतो लहान, म्हणजे काठोकाठ भरता येईल. अर्धी रिकामी बरणी म्हणजे भुंगेऱ्याला हवा. स्लॅबखालचा माळा नको, मे महिन्यात तिथे भट्टी असते. ठोकताळा असा की बियाची ओल एक टक्क्याने किंवा साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. खालच्या खोलीतलं थंड, काळोखी कपाट चांगलं, फ्रीजचा खालचा कप्पा त्याहून चांगला. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की साध्या डब्यातलं किंवा कापडी पिशवीतलं बी हवेतून ओल परत ओढून १४-१५ टक्क्यांवर जातं. तुमचं निम्मं बी उगवलं नाही याचं कारण बहुधा हेच: स्टीलचा डबा हवाबंद नसतो. चिठ्ठी आतही ठेवा आणि बाहेरही लावा: वाण, फुलाचा रंग, कोणाकडून मिळालं, काढणीचा महिना आणि वर्ष. नुसतं ‘पापडी’ लिहिलेल्या बरण्या तिसऱ्या वर्षी एकमेकींत मिसळतात.

बाकी पिकांचा हंगाम तेवढा सांभाळा. चवळीचं बी पावसाळी पिकाचं धरू नका, शेंगा ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात पिकतात आणि सडतात. फेब्रुवारीअखेर लावलेल्या उन्हाळी चवळीच्या शेंगा मे महिन्यात वाळतात, त्या घ्या. गवार जुलैत लावलेली चालते, ती ऑक्टोबरच्या उन्हात वाळते. फरसबी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावा, उष्णता वाढली की तिची फुलं गळतात आणि बी धरत नाही.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वीस दाणे ओल्या सुती कापडात एकमेकांना न लागता ठेवा, गुंडाळून झाकलेल्या डब्यात, ओल टिकवत. आठव्या दिवशी मोजा. सरकारी मानकात फरसबी-चवळीला किमान ७५ टक्के आणि वाल-गवारीला ७० टक्के उगवण लागते. म्हणजे वीसमध्ये चौदा-पंधरा. न उगवलेले दाणे दाबून पाहा. मऊ, बुळबुळीत झाले असतील तर मेलेले. जसेच्या तसे टणक असतील, फुगलेच नसतील, तर ते गणंग, इथल्या भाषेत कोरडू. सालीतून पाणी शिरत नाही म्हणून ते झोपलेले असतात. डोळ्याच्या उलट्या बाजूला साल सॅण्डपेपरवर जराशी घासली की दोन दिवसांत फुगतात. उगवण ५० टक्के निघाली तर दुप्पट पेरा, तिसाच्या खाली गेली तर त्या बियावर कुंपण अवलंबून ठेवू नका.

पेरताना पापडी चार-सहा तास भिजवली तर चालते. फरसबी भिजवू नका. बरणी आदल्या दिवशी उघडून बी ताटात पसरा, हवेतली ओल हळूहळू घेऊ द्या, मग ओलसर मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोल टोका. आणि सगळं बी एका वर्षी पेरून टाकू नका. एक तृतीयांश बरणीत राहू द्या: वेल रोगाने गेले किंवा मिसळ निघाली तर मूळ वाण तिथे सापडतो.

राहिला तुमच्या डब्यातल्या भोकाच्या दाण्यांचा प्रश्न. पापडीचा दाणा मोठा, एकच भोक असेल आणि अंकुर शाबूत असेल तर तो उगवतोही, पण डाळिंबीतला शिधा कमी झाल्यामुळे रोप किरटं राहतं. वाण दुसरीकडे कुठेच नसेल तरच असे दाणे कुंडीत, चांगल्या मातीत लावून पाहा. चवळीचे भोकाचे दाणे मात्र सरळ फेका. फेकण्याआधी पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, कारण कचऱ्याच्या डब्यातून निघालेला भुंगेरा स्वयंपाकघरातले अख्खे मूग, चवळी आणि हरभरा शोधून काढतो. तो स्टीलचा डबा उकळत्या पाण्याने धुवा, झाकणाच्या खाचेत ब्रश फिरवा आणि कडक उन्हात पालथा घाला.